चांद्याहून सिरोंच्यास : एका प्रवासाचा बेत

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जाऊ लागला, की आमच्या घरात प्रवासाच्या गोष्टी निघतात. एकत्र कुटुंबात बेत करणे ही एक स्वतंत्र करमणूक आहे, आणि पुष्कळदा प्रत्यक्ष प्रवासापेक्षा तीच अधिक दिवस पुरते. २०२४ सालच्या दिवाळीनंतर असाच दरबार भरला असता आमच्या पुतण्याने राजस्थानातील एका सहलीची माहिती सर्वांपुढे ठेविली. जैसलमेरहून निघावयाचे, बरोबर माहीतगार वाटाड्या घ्यावयाचा, उंटाच्या पाठीवरून मजल दरमजल करीत बिकानेर गाठावयाचे, आणि रात्री वाळूत तंबू ठोकून आकाशाखाली निजावयाचे. मुले हरखून गेली. वडील मंडळींनी आपण उंटावर कसे दिसू याची मनाशी कल्पना करून मौन स्वीकारिले. तोच कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या काकू म्हणाल्या, "वाळवंटच पाहायचे असेल तर इतक्या लांब कशाला? मला एकदा सिरोंच्याचे वाळवंट दाखवा."

मुले हसली. त्यांचा दोष नव्हता. 'वाळवंट' हा आपल्या भाषेतला शब्दच मोठा लबाड आहे. शाळेच्या भूगोलात तो आपणांस मारवाडात नेऊन सोडतो, तर पंढरीच्या वारकऱ्यास तोच चंद्रभागेच्या पात्रात आणून उभा करितो. काकूंच्या मनातले वाळवंट या दुसऱ्या जातीचे. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या एकत्र होऊन प्राणहिता बनते, आणि ती महाराष्ट्राच्या अगदी आग्नेय टोकास सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते. पावसाळा सरला म्हणजे तेथे पात्रात दूरवर वाळू उघडी पडते. काकूंचे वडील १९४९ ते १९५२ पर्यंत सिरोंच्यास शाळामास्तर होते, व काकू तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. चांद्याहून आलापल्लीपर्यंत मोटार आणि तेथून पुढे बैलगाडी, असे ते लोक तेथे गेले. चंद्रपूरचे सरकारी नाव १९६४ पर्यंत चांदाच होते, आणि काकूंच्या तोंडी ते अजूनही चांदाच आहे. तेलुगू बोलणाऱ्या मैत्रिणी, रात्री ऐकू येणारी वाघाची हाक, नदीवरून आणिलेले पाणी या साऱ्या गोष्टी आम्ही इतक्यांदा ऐकल्या होत्या, की त्या आम्हांसही पाठ झाल्या होत्या. परंतु तेथे पुन्हा जावे असे काकूंनी आजवर कधी काढले नव्हते. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी हे मागणे केले, आणि पुन्हा वाती वळावयास लागल्या.

आमचे थोरले बंधू दादा हे निवृत्त अभियंते. कागद, पट्टी आणि तीन रंगांच्या पेन्सिली यांवाचून त्यांस साधी भाजी आणणेही अवघड जाते. त्यांनी दोन दिवसांत पाच दिवसांचे कोष्टक तयार केले. पहिला दिवस नागपूर ते चंद्रपूर, पुढील दोन दिवस मुलांसाठी ताडोबाचे वाघ, चौथा दिवस मार्कंडा. आणि पाचव्या दिवसाच्या घरात बारीक अक्षरांत लिहिले होते, "वेळ उरल्यास सिरोंचा". 'वेळ उरल्यास' या दोन शब्दांचा अर्थ एकत्र कुटुंबात वाढलेल्या मनुष्यास फोड करून सांगावा लागत नाही. काकूंनी कोष्टक डोळ्यांपाशी धरून वाचले, "छान आहे हो," म्हणाल्या, आणि कागद परत दिला.

न्यायाने सांगावयाचे, तर दादांची बाजूही पोकळ नव्हती. आलापल्ली ते सिरोंचा हे सुमारे १०० किलोमीटरचे अंतर. नावाने तो राष्ट्रीय महामार्ग, पण खड्ड्यांविषयी त्याची ख्याती त्याच्या नावाहून मोठी. त्या भागात हिवतापाचे भय असते, हे सर्वश्रुतच आहे. वाघ म्हणावेत तर ते ताडोबाच्या कुंपणात थोडेच राहतात? चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत सरपणास वा मोहफुले वेचावयास गेलेली माणसे वाघाने मारल्याच्या वार्ता दरसाल येतात. २०२१ च्या ऑक्टोबरात तर छत्तीसगडातून रानहत्तींचा एक कळपही गडचिरोलीत उतरला. आणि ज्या कारणाने १९८० नंतर चार दशके बाहेरचा प्रवासी या जंगलाचे नाव काढताच दचकत असे, ते नक्षलवादाचे कारण तर आमच्या वहिनींनी रोज रात्री जेवताना उच्चारले. ते भय ओसरत चालले आहे, हे खरे. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी ते गर्देवाडा ही एस. टी. प्रथमच धावली, तेव्हा दादांनी स्वतःच ते वर्तमान आम्हांस वाचून दाखविले. आणि आम्ही परत आल्यानंतर, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात, गडचिरोलीत त्या चळवळीच्या एका बड्या पुढाऱ्याने आपल्या साथीदारांसह शस्त्रे खाली ठेविली. पण बेत ठरत होता तेव्हा हे पुढचे कोणास ठाऊक होते?

सर्वांत कठीण आक्षेप निघाला तो पुतण्याकडून. तो म्हणाला, "काकूआजीचे वाळवंट आता असेलच कशावरून?" गोदावरीवर संगमाच्या खाली मेडीगड्डा येथे तेलंगणाने बांधिलेला प्रचंड बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला, आणि त्याचे फुगलेले पाणी मागे सिरोंचा तालुक्यातील काठच्या शेतांत शिरते म्हणून तेथील शेतकऱ्यांनी पुष्कळ गाऱ्हाणी केली आहेत. मग जेथे शेते बुडाली तेथे पात्रातील वाळू कोठून उरणार? ब्याऐंशी वर्षांच्या बाईस दोनशे किलोमीटर जंगलातून नेऊन केवळ एक तलाव दाखवावा, हे कोणासच बरे वाटेना. ही गोष्ट काकूंच्या कानांवर घालू नये असे ठरले; अर्थात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती त्यांस कळली होती. त्या काही बोलल्या नाहीत.

तेव्हा दूर बसून वाद घालण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहून यावे, असे म्हणून डिसेंबरात आम्ही व पुतण्या असे दोघेच आलापल्लीपर्यंत गेलो. एका परिचितांच्या ओळखीने तेथे आम्हांस एक वाटाड्या मिळाला. वनखात्यात वनरक्षक म्हणून त्याची सारी नोकरी या जंगलातच झालेली. जातीचा माडिया गोंड. गोंडी, माडिया, तेलुगू आणि झाडीपट्टीची मराठी या चारही भाषा बोलणारा. आम्ही त्यांस मामा म्हणू लागलो. प्रथम भेटीतच आमच्याकडून एक चूक झाली. काम नीट झाले तर आपणांस चांगले बक्षीस देऊ, असे आम्ही मोठ्या उदारपणाने बोलून गेलो. मामा शांतपणे म्हणाले, "बक्षीस नोको. रोजी सांगा. पटली तर येतो." आम्ही ओशाळलो. रोजी ठरली, आणि मग मात्र त्यांनी दादांचे कोष्टक हाती घेतले.

त्या कागदाचे पुढे जे झाले ते दादांनी पाहिले नाही, हे बरे. मामांनी प्रथम ताडोबा काढून टाकिले. "वाघ पाहाचा असन तर त्यासाठी निराळे या. दोन कामं एका गाडीत भरू नका." मग मुलांनी ज्यावर फार आशा ठेविली होती, ती जंगलातून पायी चालण्याची दहा किलोमीटरची मजल काढिली. वाघाच्या मुलखात हौसेने पायी फिरणे यास त्यांच्या भाषेत जो शब्द आहे तो त्यांनी आम्हांस उच्चारून दाखविला, पण त्याचे भाषांतर करण्याचे नाकारिले. सूर्य मावळल्यावर गाडी रस्त्यावर असता कामा नये, हा त्यांचा नियम. म्हणून आमच्या दोन मोठ्या मजलांच्या तीन लहान झाल्या. खेड्यात कोणाच्या अंगणात विचारल्यावाचून पाऊल टाकावयाचे नाही, आणि माणसाचे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून घ्यावयाचे नाही. गोटूलाविषयी शहरात ज्या गोष्टी रंगवून सांगतात त्या तेथे काढावयाच्या नाहीत. गोटूल ही गावाच्या तरुण मंडळींची आणि गावसभेची जागा आहे, तमाशा नव्हे. हे सांगताना त्यांचा आवाज किंचित चढला.

महिना कोणता धरावा, याचीही आम्हांस नीट कल्पना नव्हती. आमच्या मनात उन्हाळ्याची सुटी होती. मामा हसले. चंद्रपूरचा वैशाख ज्याने अनुभविला आहे त्यास ते का हसले हे समजेल. पारा ४६-४७ अंशांवर जाणे तेथे नवलाचे नाही. शिवाय चैत्रात मोहफुले वेचण्याची आणि वैशाखात तेंदूपानाची धांदल. त्या दिवसांत सारा गाव जंगलात असतो आणि पाहुण्यास पाणी देण्यासही घरी कोणी नसते. पावसाळ्यात नाल्यांवरून पाणी वाहू लागले, की अर्धा मुलूख उरलेल्या अर्ध्यापासून तुटतो. पौषात जावे, तर कमलापूरच्या हत्तींची रजा असते. हे ऐकून पुतण्या चकित झाला. कमलापूर येथे वनखात्याचा हत्तीतळ आहे, व पूर्वी लाकडाचे ओंडके ओढण्यास हे हत्ती लावीत. आता त्यांस दरसाल जानेवारीत काही दिवस विश्रांती देऊन औषधी वनस्पतींच्या लेपाने त्यांचे पाय शेकतात, आणि तेवढे दिवस प्रवाशांस आत सोडीत नाहीत. ज्या खात्यात हत्तीस पगारी रजा मिळते त्या खात्याविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला. तात्पर्य, महाशिवरात्रीच्या गर्दीपूर्वीचा माघ महिना ठरला.

मेडीगड्ड्याच्या पाण्याविषयी आम्ही भीतभीतच विचारिले. मामांचा एक भाचा सिरोंच्याजवळ राहतो. त्यांनी सांगितले, की २०२३ च्या ऑक्टोबरात त्या बंधाऱ्याचे काही खांब खचले, तेव्हा साठविलेले पाणी सोडून द्यावे लागले. तेव्हापासून दरवाजे उघडेच असून हिवाळ्यात वाळू पुन्हा दिसू लागली आहे. एवढ्या मोठ्या कामाचे असे व्हावे, ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. तरी पण आम्हा दोघांस त्या क्षणी जे वाटले ते येथे लपवून ठेवीत नाही.

परत येताना मार्गातील स्थळे आम्ही एकदा डोळ्यांखालून घातली. चंद्रपूरविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही, कारण ते रेल्वेवर आहे आणि ज्यास इच्छा होईल तो उद्याही जाऊ शकेल. झरपट नदीच्या डबक्यातील पाण्याने गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरील व्रण बरे झाले, आणि पुढे एक ससा कुत्र्याचा पाठलाग करीत असलेला त्याने पाहिला. ज्या वाटेने ते धावले त्या वाटेने नगराचा कोट बांधिला, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा तो परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा इत्यादी वेशी आजही उभ्या आहेत. वर्षानुवर्षे त्यावर झाडोरा माजला होता. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तो उपसला. नाहीतर आम्हांस कोट पाहावयास कुऱ्हाड घेऊन जावे लागले असते. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने आपला पती बीरशहा याची जी समाधी बांधिली ती अवश्य पाहावी. पतीने पत्नीसाठी बांधिलेल्या समाधीची आग्र्यास केवढी वाहवा होते, आणि पत्नीने पतीसाठी बांधिलेली ही आमच्या दाराशी असून आमच्यापैकी कितींनी पाहिली आहे?

परंतु प्रवासाचा आरंभ कोठून करावयाचा याविषयी मामांचा एक हट्ट होता. चंद्रपूरच्या तुरुंगाबाहेर थांबून राम राम करावयाचा आणि मग गाडी पूर्वेकडे वळवावयाची. या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी बाबुराव शेडमाके यांस फाशी दिले. मोलमपल्लीच्या या तरुण गोंड जमीनदाराने सत्तावन्नच्या धामधुमीनंतर याच अरण्यातून इंग्रजांविरुद्ध लोक उठविले होते. आम्ही शाळेत झाशी आणि कानपूर घोकली. नागपूरपासून दीडशे किलोमीटरवरचे हे नाव आम्हांस एका वाटाड्याने सांगावे लागले.

मूलवरून पुढे वैनगंगा ओलांडली, की चामोर्शी आणि तेथून जवळच मार्कंडा. येथे नदी वळण घेऊन उत्तरवाहिनी झाली आहे, म्हणून क्षेत्राचे माहात्म्य. काठावर एका आवारात मंदिरांचा समूह असून मुख्य देऊळ मार्कंडेश्वराचे. विदर्भाचे खजुराहो असे त्यास म्हणतात. आम्हांस अशा उपमा आवडत नाहीत. मार्कंड्यास मार्कंडाच म्हणावे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७० नंतरच्या दशकात येथे येऊन या शिल्पांचे वर्णन केले आहे. वीज पडून शिखर ढासळले व गोंड राजांच्या काळात त्याची डागडुजी झाली, असे सांगतात. तो नवा-जुना सांधा भिंतीवर चक्क डोळ्यांनी दिसतो. ज्याने दुरुस्ती केली त्यास मूळचे कोडे पुरते सुटले नव्हते, पण दगड टाकून देण्याचे धैर्यही झाले नाही, असे ते काम पाहताना वाटते. पहाटे नदीवरून धुके उठत असता आम्ही तेथे बसलो होतो. काकूंसाठी उतरण्याच्या पायऱ्या मोजून ठेविल्या.

आष्टीच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो. चपराळ्याच्या अभयारण्याजवळ वर्धा-वैनगंगेचा संगम होऊन प्राणहिता जन्मास येते, आणि मग आलापल्लीपर्यंत दोन्ही अंगांस सागच साग. या सागाची कीर्ती जुनी आहे. १८६० नंतर इंग्रजांनी गोदावरी-प्राणहितेच्या मार्गे चांद्याच्या मुलखातून थेट समुद्रापर्यंत नावा नेण्याची एक योजना आखिली होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे, त्यांतील एक प्राणहितेत देवलमरीपाशी. पुष्कळ पैसा ओतून १८७१ साली ती योजना सोडून द्यावी लागली. दादांस ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी आपले कोष्टक किंचित प्रेमळ नजरेने पाहिले, असे आम्हांस वाटते. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली याच भागातील सागवान बल्लारपूरहून रवाना झाले, हे तर पुष्कळांस आठवत असेल.

आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर 'वनवैभव' नावाचा सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा राखून ठेविला आहे. तेथे १९५३ पासून कुऱ्हाड लागलेली नाही, आणि २०१४ साली महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून तो जाहीर झाला. सहा हेक्टर म्हणजे काय? एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्याचे शेत. पण आत पाऊल टाकिले, की आवाज बदलतो. बाहेरच्या लागवडीतील साग कवायतीस उभ्या केलेल्या शिपायांसारखे एका उंचीचे. येथले साग, ऐन, बिजा एकमेकांस वाट देत, कोणी वाकून, कोणी वेलींखाली दबून, कोणी मरूनही उभे. मामांनी एका सागाच्या बुंध्यास हात लाविला. या झाडास आपण पहिल्या नेमणुकीपासून ओळखतो, असे ते म्हणाले. मग दोन शेजाऱ्यांविषयी बोलावे तसे त्या झाडाविषयी आणि त्याच्या जवळच्या ऐनाविषयी काही वेळ बोलले. आम्ही पहाणीस आलो होतो, वेळ मोजका होता. पण तेथे दीड तास गेला आणि कोणीही घड्याळ काढिले नाही.

जानेवारीच्या अखेरीस मामा डोळे दाखविण्यास नागपुरास आले, तेव्हा आमच्या घरी उतरले. आमचे घर जुन्या वळणाचे. पाहुण्यांचे पान कोठे मांडावे याविषयी स्वयंपाकघरात क्षणभर जी कुजबुज झाली ती आम्ही येथे नमूद करितो, कारण घराघरांतून ती अजून होत असते. काकू उठल्या, स्वतः पाट मांडिला, आणि आपले पान त्यांच्या शेजारी घेतले. कुजबुज तेथेच संपली.

जेवणे झाल्यावर दादांनी नवे कोष्टक पसरले. आता तरी सिरोंचा निश्चित धरावयाचा की नाही, हा प्रश्न होता. रस्ता, औषधे, काकूंची कंबर, विश्रामगृहाची परवानगी या साऱ्यांचा ऊहापोह सुरू झाला. (एका कचेरीत आमचा अर्ज दोनदा गहाळ झाला होता, तिसऱ्यांदा आम्ही तो पोच घेऊनच दिला.) मामा ऐकत होते. मध्येच ते काकूंकडे वळून म्हणाले, "आई, तुमाले तेथं कोनाले भेटाचं हाये?"

आम्ही तीन महिने कसे जावे, केव्हा जावे, किती दिवसांत जावे, हे विचारीत होतो. हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारिला नव्हता.

काकू काही वेळ गप्प राहिल्या. मग, आमच्याकडे न पाहता, मामांसच सांगत असल्याप्रमाणे त्या बोलू लागल्या. त्यांस एक धाकटा भाऊ होता. १९५१ च्या माघात तो तेथे हिवतापाने गेला. चार वर्षांचा होता. औषध चांद्याहून येईपर्यंत वेळ निघून गेली. लहान मूल म्हणून दहन केले नाही. वडिलांनी त्यास नदीच्या वाळवंटात नेऊन पुरले. बायकांनी जावयाचे नव्हते. काकू लपतछपत मागून गेल्या. काठावर एक मोठा खडक होता, त्याच्यापासून सरळ पाण्याकडे चाळीस पावले, हे त्यांनी मोजून ठेविले. आईने त्या दिवसानंतर मुलाचे नाव घेतले नाही, वडिलांनी बदली मागून घेतली, आणि पुढे लग्न होऊन या घरी आल्यावर सांगावे असे कोणी विचारिले नाही. साठ वर्षे त्या आमच्या घरात आहेत.

दादांनी कोष्टक आपल्याकडे ओढिले, पट्टी घेऊन त्यावर एक तिरपी रेघ मारिली, आणि कोऱ्या कागदावर प्रथम सिरोंचा लिहिले. बाकीचे दिवस त्यांनी तेथून मागे मागे मोजीत आणिले.

पुढचे सारे सोपे झाले. पाच रात्रींचा हिशेब असा ठरला, की पहिली चंद्रपुरास, दुसरी चामोर्शीस, तिसरी आलापल्लीस, चौथी सिरोंच्यास आणि परतीची पुन्हा आलापल्लीस. कमलापूर जातानाच पाहून घ्यावयाचे. मच्छरदाण्या माणशी एक. पिण्याचे पाणी घरून उकळून. वहिनींनी दशम्या आणि मेतकूट बांधिले, आणि नक्षलवादाविषयी पुन्हा एक शब्द काढिला नाही. जे वाचक या वाटेने जाऊ इच्छितात त्यांनी आलापल्ली-सिरोंचा या टप्प्यास पूर्ण दिवस द्यावा, अंतर पाहून फसू नये; आणि वाटाड्या त्याच मुलखातला घ्यावा. नकाशा आपल्या खिशात असतोच, पण कोणत्या नाल्यावर परवा काय झाले हे त्यावर लिहिलेले नसते.

फेब्रुवारीच्या आरंभी आम्ही नऊजण निघालो. बेतात फारसा फरक पडला नाही, म्हणून त्याचे वर्णन पुन्हा करीत नाही. रस्ता कीर्तीस साजेसा निघाला. कमलापुरास मुलांनी हत्ती पाहिले आणि उंटाचे नाव पुन्हा काढिले नाही. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आम्ही सिरोंच्यास पोहोचलो. १८७४ पूर्वी हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. आज शांत, धुळीचे, अर्धे तेलुगू असे तालुक्याचे गाव आहे. चहाच्या दुकानातील बाईस काकूंनी सहज "बागुन्नारा?" असे विचारिले, आणि ती बाई कपबशी तशीच टाकून बाहेर आली. काकूंस पुढचे तेलुगू आठवेना. दोघी नुसत्याच हसत उभ्या राहिल्या.

नदीवर गेलो तेव्हा ऊन कलले होते. वाळू होती. पलीकडे कालेश्वरचा काठ निळसर दिसत होता, आणि मध्ये पाण्याच्या दोन-तीन धारा चकाकत होत्या. काठावरचा खडक काकूंनी ओळखिला. निदान त्यांस तो तोच वाटला. मामांचा हात धरून त्या त्याच्यापाशी उभ्या राहिल्या, आणि मग घोटाळल्या. चाळीस पावले खरी, पण ती आठ वर्षांच्या मुलीची पावले. आता त्यांस दहा पावलेही सरळ टाकिता येत नव्हती, आणि आमची पावले मोठी पडणार.

पुतण्याची मुलगी आठ वर्षांची आहे. मामांनी तिला हाक मारिली, खडकाला पाठ लावून उभी केली, आणि पाण्याकडे बोट दाखवून मोजीत चालावयास सांगितले. ती मोठ्याने मोजीत निघाली. वाऱ्याने तिचा आवाज कधी येई, कधी जाई. काकूंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. चाळीस म्हणून ती थांबली आणि तिने वळून पाहिले.

आम्ही काकूंस तेथपर्यंत नेले. त्या वाळूत बसल्या, आणि कमरेच्या पिशवीतून त्यांनी बत्तासे काढिले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मुलगी थोडा वेळ उभी राहिली, मग तिने विचारिले, "आजी, आणखी चालू का?"

"नको," काकू म्हणाल्या, "एवढीच."